डाव्या हातचा मळ

खोकं आलं ते दिवाळी उलटल्यावर, कुडतरीहून,
मेस्त बेर्नाबेंच्या मुलीच्या मांडीवर, रिक्षातून.
आत दोन तबकड्या, एकाच फ्रेंच संगीतकाराच्या:
पियानोचे दोन कन्चेर्टो,
नुसत्या वाद्यवृंदाच्या चार रचना.
"पेनड्राइव्हवर घालून द्या," म्हणाली,
"घर विकतोय. पियानोला वाळवी लागलीय.
लिस्बनला एवढंच नेता येईल."

बुरशी चढली होती. आमच्याकडे ती चढतेच,
चपलांवर, लग्नाच्या अल्बमवर, देवाच्या पाटावर.
खारेबांदावरच्या माझ्या दुकानात
सोल्डरिंगच्या टेबलावर मी रिठे भिजत घातले,
वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं घेतलं
आणि गोल गोल, कडेकडून आत,
पुसत गेलो.
फेस करडा झाला, मग तपकिरी.

तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की कळतं
माणसानं काय ऐकलं आणि काय डावललं.
खूप वाजलेली जागा पांढुरकी पडते.
न वाजलेली काळीच राहते, ओली असल्यासारखी.

वाद्यवृंदाची तबकडी जवळजवळ कोरी.
एक वाल्ट्झ तेवढा चार-सहादा फिरलेला,
कुणाच्या तरी लग्नाआधी असेल.
दोन्ही हातांच्या कन्चेर्टोत मधला संथ भाग झिजलेला;
तिथं पियानो एकटाच किती वेळ बोलत राहतो
आणि बासरी येते ती दार न वाजवता.

मग दुसरी बाजू.
हा नुसत्या डाव्या हाताचा.
कव्हरावर छापलंय,
लढाईत उजवा हात गेलेल्या एका वादकानं
मागून घेतला होता.
कव्हरात आत तेरा सह्या, शाईच्या, फुटलेल्या:
मेस्तांचे विद्यार्थी, त्र्याऐंशीचा नाताळ.
त्याच वर्षी त्यांची उजवी बाजू गेली होती.
मुलांनी वर्गणी काढली असणार, मुंबईहून मागवली असणार,
आणि केवढं नेमकं सापडलं म्हणून
कुडतरीपर्यंत हसत गेली असणार.

ही बाजू पहिलं बोटभर पांढुरकी.
पुढे एकदम काळी.

सुई ठेवली.
भुईखालून आल्यासारखं काहीतरी कुरकुरलं,
चढत गेलं, सगळी वाद्यं उभी राहिली,
आता पियानो येणार
आणि टक्. टक्. टक्.
ओरखडा.
आतून बाहेर, तिरका.
सुईचा दांडा असतो उजवीकडे.
तो डाव्या हातानं उचलायचा
म्हणजे हात सगळ्या तबकडीवरून ओलांडून न्यावा लागतो.
मी करून पाहिलं. तसाच ओरखडा पडेल.

आमच्या भाषेनं या हाताचं वाटोळंच केलंय.
डावलणं त्याच्यावरून. डावं-उजवं करणं त्याच्यावरून.
या हातानं तीर्थ घ्यायचं नाही.
माझे वडील म्हार्दोळच्या देवळात तबला वाजवायचे,
बायांवरची मनगटाची मींड ऐकून
लोक माना डोलवायचे
आणि प्रसाद द्यायचे उजव्या हातावर.

मी दांडा उचलला, ओरखड्यापलीकडे ठेवला.
चाळीस वर्षं काळं राहिलेलं
पहिल्यांदाच वाजलं, फ्रिजच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरशेजारी,
मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाईसमोर.
खालचे सूर, वरचे सूर, मध्येच पळापळ.
"दोघं वाजवतायत ना?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, एकच. आणि एकच हात.
"असं," ती म्हणाली. "मिक्सर कधी देता?"

हल्ली कॉम्प्युटरवर ओरखडे पुसता येतात.
एक बटण आहे त्याला; डाव्या हातचा मळ.
मी दाबलं नाही.
मुलीला त्या बाजूच्या दोन फायली दिल्या.
पहिली अडीच मिनिटांची, टक्‌टकीपर्यंत:
"पप्पांनी ऐकलं ते."
दुसरी सोळा मिनिटांची.
तिला नाव सुचेना, तशीच दिली.

तीनशे रुपये सांगितले. तिनं पाचशेची नोट पुढे केली,
सुटे नव्हते माझ्याकडे,
शेजारच्या फार्मसीतून आणेपर्यंत
ती काउंटरवर बोटं ठेवून उभी होती.
कुठल्या हाताची, ते पाहायचं राहिलं.